पावसाळ्यात भरलेल्या कंटेनरमधल्या कपड्यांना बुरशी का येते आणि ती कुठे थांबवायची

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात भरलेला सुती माल सप्टेंबर-ऑक्टोबरात रॉटरडॅमला किंवा हॅम्बुर्गला उघडतात आणि तिकडून फोटो यायला लागतात. वरच्या थरातली खोकी मऊ पडलेली, टेप सुटलेली, कुर्त्यांच्या कॉलरवर पांढुरके ठिपके. सोबत बायरची एक ओळ असते: मालाला कुबट वास येतोय. मग फोनाफोनी होते. युनिटवाला म्हणतो, माझ्याकडून कोरडा गेला. फॉरवर्डर, म्हणजे जहाजावर माल बुक करून देणारा, म्हणतो, कंटेनरला भोक नव्हतं. लाइन, म्हणजे जहाज कंपनी, म्हणते, सील शाबूत होतं. तिघंही खरं बोलत असतात, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तसेच फोटो पुन्हा येतात.

हडपसर, फुरसुंगी, भोसरीकडच्या छोट्या युनिटांचा तयार माल मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून पाठवण्याचं काम मी करते. हा प्रश्न मला वर्षातून इतक्यांदा विचारला जातो की आता सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. आधी मुख्य मुद्दा: बहुतेक वेळा हे पाणी समुद्राचं नसतं, पावसाचंही नसतं. ते आपणच पुण्यातून खोक्यात भरून पाठवलेलं असतं. त्यामुळे कंटेनरमध्ये लटकवायच्या ओलावा शोषणाऱ्या पट्ट्या वाढवून काम होत नाही. कपडा, खोका आणि पॅलेट, तिन्ही भरण्याआधी मोजावे लागतात.

आधी फोटो नीट बघा

बायरकडून फोटो आले की लगेच उत्तर देऊ नका. डाग कुठे आहेत ते बघा. पाणी कुठून आलं हे जागेवरून जवळजवळ नेहमी कळतं.

फक्त वरचा थर भिजलाय आणि खोक्यांच्या माथ्यावर ओळीने ठिपके पडलेत, तर ते छतावरून टपकलेलं पाणी. कंटेनरच्या छताच्या पत्र्याला पन्हाळी असतात, थेंब त्यांच्या रेषेत पडतात आणि खोक्यावर तीच रेष उमटते. खालचा थर भिजला असेल तर फरशीकडे बघा: धुतलेला, नीट न वाळलेला कंटेनर, किंवा भरताना आत गेलेलं पावसाचं पाणी. एकाच कोपऱ्यातली किंवा दारालगतची चार-पाच खोकी भिजली असतील, तरच भोक किंवा फाटलेलं दाराचं रबर असा संशय घ्या.

सगळ्यात बोलका फोटो वेगळाच असतो. खोका बाहेरून कोरडा ठणठणीत, आणि आतली पॉलीबॅग उघडली की कपड्यावर बुरशी. असा फोटो आला की जहाजाचा विषय संपला. तो कपडा ओला असतानाच पिशवीत गेलाय.

आणि प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. पांढऱ्या किंवा फिक्या कपड्यावर घडीच्या कडेला, पिशवीच्या तोंडाजवळ पिवळसर पट्टा दिसला तर तो बहुधा फिनॉलिक पिवळेपणा असतो. प्लास्टिकमध्ये बीएचटी नावाचं द्रव्य मिसळलेलं असतं. त्याची आणि हवेतल्या नायट्रोजन ऑक्साइडची, म्हणजे गोडाऊनमधल्या डिझेल फोर्कलिफ्टच्या धुराची, गाठ पडली की हा रंग येतो. त्यावर ओलाव्याचा उपाय लागू पडत नाही. बीएचटी नसलेल्या पिशव्या मागवाव्या लागतात. त्याची आयएसओ १०५-एक्स१८ ही चाचणी लॅबमध्ये करून मिळते. बऱ्याचदा हा पिवळेपणा उन्हात ठेवल्यावर किंवा सौम्य आम्लाच्या धुण्यात उतरतो. बुरशीचा काळा डाग मात्र सहसा जात नाही. म्हणून बायरला 'माल धुऊन घ्या' असं सांगण्याआधी दोन्हींतला फरक ओळखा.

पाणी नेमकं किती असतं

हा हिशेब मी युनिटवाल्यांपुढे कागदावर मांडते, कारण त्याशिवाय कुणाला पटत नाही.

चाळीस फुटी हाय क्यूब कंटेनरचं आतलं आकारमान साधारण ७६ घनमीटर. तीस अंश तापमानाची पूर्ण दमट हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी धरते. म्हणजे पुण्याच्या ऑगस्टमधली हवा रिकाम्या कंटेनरमध्ये कोंडली, तरी तिच्यातलं पाणी जेमतेम दोन लिटर. माल भरल्यावर हवा उरते त्याहून कितीतरी कमी.

आता कपडा. व्यापारात सुतासाठी ८.५ टक्के ओलावा प्रमाण मानतात. पावसाळ्यात उघड्यावर पडलेलं सूत त्याच्या बरंच पुढे जातं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. एका कंटेनरमध्ये आठ टन सुती कपडा असेल, तर ओलाव्याच्या दर एका टक्क्यामागे ८० किलो पाणी आत जातं. एका टक्क्यामागे! दोन टक्के जास्त असले तर १६० लिटर. त्यात सहाशे खोकी, प्रत्येकी सव्वा किलोची धरा. ती १२ ऐवजी १६ टक्के ओलाव्याची असतील तर आणखी तीस लिटर. लाकडी पॅलेट वेगळे.

हे सगळं पाणी बाहेर येतं असं नाही. पण थोडा हिस्सा आला तरी पुरतो. दिवसा उन्हात पत्रा तापतो, वरची खोकी गरम होतात, त्यांच्यातला ओलावा हवेत येतो. रात्री पत्रा गार पडतो आणि थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसे छताला आतून थेंब जमतात. आतली हवा ३० अंशांवर ८० टक्के दमट असेल, तर पत्रा साधारण २६ अंशांच्या खाली गेला की थेंब सुरू. हवा ६० टक्के दमट असेल, तर तोच पत्रा २१-२२ अंशांपर्यंत उतरावा लागतो. आठवडेच्या आठवडे हे चक्र रोज चालतं. बुरशीला तर थेंबाचीही गरज नाही. कपड्याभोवतीची हवा ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली तरी ती धरते, आणि ८० च्या वर झपाट्याने पसरते.

पॉलिएस्टरचं प्रमाण अवघं ०.४ टक्के आहे. म्हणून त्याच कंटेनरमधल्या पॉलिएस्टर लेगिंग्ज धडधाकट पोचतात आणि सुती कुर्ते खराब होतात. व्हिस्कोस, म्हणजे आपल्याकडे सर्रास रेयॉन म्हणतात ते, सुतापेक्षाही जास्त पाणी धरतं. रेयॉनचा माल असेल तर दुप्पट काळजी घ्या.

प्रेसिंग टेबल ते पॉलीबॅग

सगळ्यात मोठी गडबड इथे होते आणि इथे कुणी बघत नाही. स्टीम प्रेस मारल्यावर कपडा गरम आणि दमट असतो. टेबलाखालचं व्हॅक्यूम चालू असेल तर बरीच वाफ खेचली जाते, पण ते बंद असेल किंवा फिल्टर तुंबलेला असेल तर वाफ कपड्यातच राहते. शिपमेंटची तारीख डोक्यावर असली की प्रेसवाला देतो, पॅकिंगच्या मावशी लगेच घडी घालून पिशवीत सरकवतात आणि पिशवी चिकटवली जाते. हाताला गरम लागणारा कपडा पिशवीत गेला की काही मिनिटांत पिशवीला आतून धुकं येतं. ते धुकं डोळ्यांना दिसलं तर त्या लॉटचं पॅकिंग तिथेच थांबवा.

उपाय साधा आहे, पण जागा मागतो. प्रेस झालेला माल हँगरवर किंवा जाळीच्या रॅकवर पंख्याखाली किमान काही तास, शक्य असेल तर रात्रभर ठेवायचा. पंखा चालवताना खोलीतली हवा कोरडी हवी. खिडक्या उघड्या ठेवून बाहेरची ऑगस्टमधली हवा कपड्यावर फिरवली तर कपडा गार होतो, कोरडा होत नाही. पॅकिंगची खोली बंद करून तिथे डीह्युमिडिफायर किंवा एसी लावला आणि आर्द्रता ५५-६० टक्क्यांवर धरली, तर अर्धं काम झालं. युनिटमध्ये एकाच खोलीला हे परवडत असेल तर ती पॅकिंगची खोली असू द्या, ऑफिस नको.

आता मोजायचं कसं? मॉइश्चर मीटर मिळतात, पण बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक लाकडासाठी असतात. लाकडाच्या पट्टीवर कपड्याचा आकडा घेतला तर तो चुकीचा असतो. कापड आणि कागद यांची वेगळी पट्टी असलेला मीटर घ्या. तो नसेल तर मी सांगते ती रीत कुणालाही जमते. एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, घड्या घातलेल्या पाच-सहा कपड्यांच्या मधोमध ठेवा, सगळं जाड प्लास्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि तीन-चार तास सोडा. पिशवीतली हवा कपड्याशी जुळवून घेते, म्हणून मापकावरचा आकडा म्हणजे तो कपडा बंद खोक्यात किती दमट हवा तयार करणार याचं थेट उत्तर. ६० च्या खाली आला तर निर्धास्त पॅक करा. ६५ च्या वर आला तर माल परत रॅकवर. या रीतीचा फायदा असा की कपडा सुती आहे, रेयॉन आहे की मिक्स, याने काही बिघडत नाही. फक्त मापक चांगल्या बनावटीचा घ्या आणि दोन मापक शेजारी ठेवून आकडे जुळतात का ते अधूनमधून बघा.

खोकी

कपडा सुकवून घेतला आणि खोका ओला असेल तर काय उपयोग? फुरसुंगीतल्या एका गोडाऊनमध्ये मागच्या पावसाळ्यात मी पॅकिंग बघायला गेले होते. कपड्याचे आकडे छान होते. मग खोक्यांच्या चळतीकडे गेले. चळत भिंतीला टेकवून, थेट फरशीवर. मधल्या खोक्यांना मीटर लावला तर ११-१२. भिंतीला चिकटलेल्या आणि तळाच्या खोक्यांवर आकडा १६ च्या पुढे. तिथले सुपरवायझर काका म्हणाले, "मॅडम, पत्रा गळत नाही, पाऊस आत येत नाही, मग पाणी कुठनं येणार?" मी तळाचा खोका उलटा करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने दाबला आणि कागद आत गेला. फरशीतून आणि भिंतीतून ओल चढते, आणि कागद ती सुतापेक्षाही निमूटपणे घेतो. त्याच दिवशी त्यांनी सगळी चळत प्लास्टिक पॅलेटवर घेतली आणि भिंतीपासून हातभर लांब सरकवली. आमच्यात त्यावर पुन्हा चर्चा करायची वेळ आली नाही.

खोक्यांबाबत आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. कोरुगेटेड खोका बनवताना थर स्टार्चच्या, म्हणजे पाण्यात कालवलेल्या, खळीने चिकटवतात. कालच बनून आज टेम्पोतून आलेला खोका त्या खळीमुळेच दमट असतो. पावसाळ्यात खोके शिपमेंटच्या आदल्या दिवशी मागवू नका. आठवडाभर आधी मागवा, बंडल सोडून हवेशीर ठेवा आणि मग वापरा. टेम्पोला ताडपत्री आहे ना, हे माल उतरवण्याआधी बघा. दोन ओले बंडल परत पाठवताना भीड बाळगू नका. दमट खोक्याची ताकदही जाते: आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली तर तो कोरड्या असतानाच्या निम्म्याच्या आसपासच वजन पेलतो. वरच्या चार थरांखाली तळाचा खोका चेपतो, टेप उघडते आणि बायरला वाटतं माल कुणीतरी फोडला.

खोक्यासाठी मी १२ टक्क्यांची रेष धरते. बायरच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

पॅलेटवरचा एचटी शिक्का कोरडेपणाचा नाही

हा गैरसमज इतका पसरलाय की वेगळं लिहिते. लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि एचटी ही अक्षरं असतात. आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवला, एवढाच त्याचा अर्थ. हेतू किडे मारण्याचा आहे. लाकूड सुकलंय असं तो शिक्का म्हणत नाही. प्रक्रिया झाल्यावर पॅलेट पावसात उघड्यावर पडून राहिला तरी शिक्का तसाच असतो आणि लाकडात वीस-पंचवीस टक्के पाणी असू शकतं. इथे मात्र लाकडाचा मीटर बिनधास्त वापरा. २० च्या वर दिसला तर तो पॅलेट कंटेनरमध्ये नको. कपड्यांची खोकी हलकी असल्यामुळे बायरची हरकत नसेल तर पॅलेटशिवाय थेट फरशीवर रचलेलं मला जास्त बरं वाटतं.

कंटेनर दारात आला की

रिकामा कंटेनर न्हावा शेव्याच्या बाजूच्या यार्डातून घाट चढून पुण्यात येतो. लोणावळा-खंडाळ्याचा पाऊस त्याच्यावर पडलेला असतोच. ट्रेलर लागल्या लागल्या हमालांना सोडू नका. आधी एकाला आत उभं करून दोन्ही दारं बंद करा आणि दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. कुठूनही उजेडाची तिरीप आली तर भोक आहे. दाराच्या रबराची कड बोटाने चाचपा. मग फरशी बघा. ती प्लायवूडची असते आणि यार्डात धुतलेली असेल तर वरून कोरडी दिसली तरी आतून भिजलेली असते. लाकडाच्या मीटरवर १८ च्या खाली हवी. वासही घ्या: आधीच्या फेरीतल्या मसाल्याचा, रसायनाचा किंवा कातड्याचा वास कपड्यात सरळ उतरतो. यातलं काही खटकलं तर फोटो काढून फॉरवर्डरला तिथल्या तिथे कळवा आणि कंटेनर बदलून मागा. भरायला सुरुवात झाल्यावर कुणी ऐकत नाही.

भरताना पाऊस आला तर थांबा. दारावर ताडपत्री बांधून चालू ठेवायचं असेल तर हमालांचे ओले बूट आणि ट्रॉलीची ओली चाकं आत जाणार नाहीत असं बघा. दाराशी पोतं टाकून पाय पुसायला लावणं एवढं साधं असतं, पण सांगितल्याशिवाय होत नाही. सरळ दुपारी, आर्द्रता त्यातल्या त्यात कमी असताना भरणं सगळ्यात चांगलं. पहाटे कंटेनर भरायची घाई पावसाळ्यात टाळा, कारण सकाळी हवा सर्वात दमट असते. माल भरला की दार लगेच लावा. अर्धा भरलेला कंटेनर रात्रभर उघडा ठेवणं म्हणजे केलेलं सगळं पाण्यात.

पट्ट्या आणि पुड्या

आता ज्याने लोक सुरुवात करतात तिथे आपण शेवटी आलो. कंटेनरमध्ये लटकवायच्या पट्ट्यांमध्ये बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. ते स्वतःच्या वजनाच्या दीड-दोन पट पाणी ओढू शकतं. खोक्यातल्या छोट्या पुड्यांमधली सिलिका जेल वजनाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकंच धरते. म्हणजे दहा-बारा किलोच्या पट्ट्या लावल्या तर वीस लिटरच्या आसपास पाणी. वरचा हिशेब आठवा: कपडा फक्त एक टक्का जास्त दमट असेल तर ८० लिटर. पट्ट्या कोरड्या मालाची वाटेवर राखण करतात, ओल्या मालाला सुकवत नाहीत.

तरीही त्या लावाच, पण नीट. पाकिटं दार बंद करायच्या अगदी आधी फोडा. सकाळी फोडून ठेवली तर संध्याकाळपर्यंत ती गोडाऊनची हवा पिऊन बसतात. भिंतीच्या पन्हाळीत टांगा, खोक्यांच्या डोक्यावर नको, कारण निकृष्ट पट्टी फुटली तर आतलं खारट पाणी मालावर सांडतं. वरच्या थरावर प्लास्टिकचा कागद अंथरायची पद्धत आपल्याकडे आहे. तिने छतावरचा थेंब अडतो खरा, पण खालून वर येणारी वाफ त्याच प्लास्टिकखाली जमते. त्याऐवजी जाड क्राफ्ट पेपर किंवा थेंब शोषणारं नॉनवोव्हन कापड अंथरा.

पुड्या घेताना एक सावधगिरी जिवाची आहे. 'अँटीफंगल' असं लिहिलेल्या, पण आत काय आहे ते न सांगणाऱ्या स्वस्त पुड्या अजिबात घेऊ नका. डायमिथाइल फ्युमरेट हे बुरशीनाशक अशा पुड्यांमध्ये घालत असत. त्याची वाफ कातड्यात-कापडात उतरते आणि माणसाच्या त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात. युरोपात सोफे आणि बुटांमुळे अनेकांना असा त्रास झाला आणि युरोपीय संघाने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. वस्तूत किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सापडलं तर माल विकता येत नाही. बुरशीपासून वाचवायला जाऊन सगळी शिपमेंट नष्ट करायची वेळ येऊ शकते. आणि माणसांना इजा होते ती वेगळीच. पुरवठादाराकडून हे द्रव्य नसल्याचं लेखी पत्र घ्या.

लांबलेला रस्ता

डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच लाइन्सनी युरोपची जहाजं सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. त्या वळशाने प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढतो. लोक फक्त उशिराची काळजी करतात. मला जास्त काळजी तापमानाची वाटते. न्हावा शेव्याहून निघालेला कंटेनर विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जातो, आपला ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केपजवळ, गारठा, मग अटलांटिकमधून वर येताना पुन्हा विषुववृत्ताची उष्णता, आणि शेवटी उत्तर युरोपातली शरद ऋतूतली थंडी. गरम-गार-गरम-गार असे झोके सुएझच्या वाटेवर इतके बसत नाहीत. बुकिंग करताना जहाज कोणत्या वाटेने जाणार हे विचारा आणि केपमार्गे असेल तर मालाच्या ओलाव्याची रेष आणखी खाली ठेवा.

एक छोटा डेटा लॉगर मधल्या खोक्यात टाका. फार महाग नसतो. तापमान आणि आर्द्रता तो तासातासाला नोंदवतो. गोडाऊन सोडतानाच आकडा ७५ असेल तर दोष कुठला ते कळतं. ५५ ने निघून तिसऱ्या आठवड्यात एका रात्रीत ९५ झाला असेल तरीही कळतं. भांडणाऐवजी हातात कागद असतो.

थोडाच माल पाठवणाऱ्यांसाठी

पुण्यातून बरेच जण पूर्ण कंटेनर भरत नाहीत. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी गणपती-दिवाळीच्या आधी कुर्ते, नऊवारी, खणाची झबली, सोलापुरी चादरी पाठवणारी घरगुती व्यवसायातली मंडळी एलसीएलने, म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत, पाठवतात. माल दिवाळीआधी पोचायचा तर तो ऐन पावसाळ्यातच निघणार, तारीख पुढे ढकलता येत नाही. शेजारी ओली लाकडी खेळणी असतील की लोणच्याचे डबे, हे तुमच्या हातात नसतं. कंटेनरही तुम्ही तपासू शकत नाही. मग प्रत्येक खोका स्वतःच्या पायावर उभा करायचा. आतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तिच्यात पूर्ण वाळलेला माल, वजनाप्रमाणे सिलिका जेल, पिशवीचं तोंड पीळ देऊन घट्ट बंद, आणि मग खोका. इथे पिशवी हवाबंद ठेवायची, कारण धोका बाहेरून आहे. मात्र माल वाळलेला आहे याची खात्री पिशवीतल्या मापकाने आधी करून घ्या. नाहीतर हीच पिशवी बुरशीची कोठी होते.

पैठणी किंवा जरीचं काही असेल तर प्रत्येक नग धुतलेल्या, पूर्ण सुकलेल्या मलमलीत गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, प्लास्टिकला थेट चिकटून तर नकोच. जर काळवंडते ती ओलावा आणि गंधकयुक्त हवा एकत्र आल्यावर. रबर बँड आणि काही स्वस्त पुठ्ठे यांतूनही गंधक सुटतो. रेशीम सुतापेक्षा जास्त पाणी धरतं, त्यामुळे घडी घालण्याआधी दिवसभर कोरड्या खोलीत पसरून ठेवा.

तिकडे उघडताना आणि विम्याच्या वेळी

बायरला निघण्याआधीच कळवून ठेवा: दार उघडताना सीलचा नंबर, मग काहीही न हलवता आतलं छत, वरचा थर आणि दाराकडची खोकी, या क्रमाने फोटो. थंड कंटेनरमधला माल उबदार गोडाऊनमध्ये आणल्या आणल्या पिशव्या फोडल्या तर तिथली हवा गार कपड्यावर पाणी सोडते. खोकी बंद ठेवून एक दिवस जाऊ द्यावा. बुरशी दिसलीच तर तो माल बाकीच्यापासून वेगळा करायचा, बंद खोलीत झटकायचा नाही, मास्क लावून हाताळायचा आणि जुनी खोकी टाकून द्यायची. रंगीत कपड्यावर ब्लीच मारायला सांगू नका. डाग जातो की नाही माहीत नाही, रंग नक्की जातो.

पाणी समुद्राचं की घामाचं, म्हणजे कंटेनरच्या आतच जमलेल्या थेंबांचं, हे ठरवायला नुकसान तपासणारे सर्व्हेअर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात. क्षार असेल तर पांढरा साका येतो. पण आपल्याच पट्टीतलं कॅल्शियम क्लोराइड सांडलं असेल तरी तसाच साका येतो. म्हणून फुटलेली पट्टी फेकण्याआधी तिचा फोटो काढून सर्व्हेअरला दाखवा.

विम्याबाबत सीआयएफने, म्हणजे मालाची किंमत, विमा आणि जहाजभाडं एकत्र धरून, माल विकणाऱ्यांनी एक गोष्ट तपासा. इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अटींप्रमाणे सीआयएफमध्ये किमान विमा म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज सी, आणि त्यात कंटेनरमधल्या घामाचं नुकसान येत नाही. सगळ्यात व्यापक असलेला क्लॉज ए घ्या. त्यातही मालाचा मूळ दोष आणि अपुरं पॅकिंग यांची भरपाई वगळलेली आहे, आणि विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते: तुमचा कपडाच ओला होता. त्या वेळी पॅकिंगच्या दिवशीचे मापकाचे आकडे, खोक्यांच्या मीटरचे फोटो, रिकाम्या कंटेनरच्या फरशीचे फोटो आणि लॉगरची फाइल, हेच कामाला येतं. प्रत्येक शिपमेंटचं एक फोल्डर करा आणि दार लावायच्या दिवशीच भरा. बाहेरून न दिसणारं नुकसान असेल तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी कळवायला बायरला सांगा. लाइनवर दावा लावायची मुदत साधारणपणे एक वर्षाची असते, आणि ती माल ताब्यात मिळाल्या दिवसापासून धावते, फोटो तुमच्यापर्यंत पोचल्या दिवसापासून नाही.